जाळी कुणाला घालायची?

भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला तिला जाळीचा, झालरी-झालरींचा गुलाबी फ्रॉक आणला होता. घेर एवढा की पाटावर बसली तेव्हा आधी फ्रॉक दिसायचा आणि मग पोरगी. औक्षणाला आत्या म्हणून मी पुढे. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. मी ओवाळायला हात पुढे केला तशी मागून चार आवाज एकदम आले, 'अगं, फ्रॉक सांभाळ!' आजी, आई, शेजारच्या काकू, सगळ्यांनी पोरीलाच बजावलं. तिने बिचारीने दोन्ही हातांनी घेर पोटाशी आवळून धरला आणि औक्षण संपेपर्यंत श्वास रोखून बसली. निरांजन माझ्या हातात होतं. 'ते जरा लांब धर,' असं मला कुणी सांगितलं नाही. खरं तर मलाही ते सुचलं नाही.

हा फ्रॉक दुकानात 'परी फ्रॉक' म्हणून मिळतो, हल्ली 'टुटू फ्रॉक' म्हणूनही. घागऱ्याखाली फुगा यावा म्हणून शिंपी जी ताठ जाळी लावतात, तिला ते 'कॅनकॅन' म्हणतात. म्हणजे पॅरिसच्या नाचघरातले दोन शब्द आपल्या शिवणकामात येऊन बसलेत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. टुटू म्हणजे बॅले नाचणारीचा तो घेरदार झगा. त्याला जवळजवळ दोनशे वर्षं झाली, पण त्याची ओढ काही ओसरलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीला नायिकेने घातलेला जाळीचा स्कर्ट वेशभूषाकाराला स्वस्त मालाच्या ढिगात ५ डॉलरला मिळाला होता. २०२४ साली लिलावात त्याचे ५२,००० डॉलर आले.

या ओढीबद्दल मला तक्रार नाही, ती मलाही आहे. तक्रार आहे ती या झग्याचा इतिहास सांगण्याच्या पद्धतीबद्दल. त्यात किंमत मोजणारी आणि दोष घेणारी एकच बाई असते, झगा घालणारी. आणि हा इतिहास आपण अजून तसाच सांगतो, म्हणून आजच्या नाचणाऱ्या मुलींनाही तोच हिशेब लागू होतो.

गोष्ट साधारण १८३२ च्या मार्चपासून धरतात. पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' हे नृत्यनाट्य लागलं. ते बसवलं फिलिप्पो टाल्योनी यांनी आणि वायुपरीचं काम केलं त्यांच्या मुलीने, मारी टाल्योनीने. घट्ट चोळी, उघडे खांदे आणि पोटरीपर्यंत येणारा, घंटेसारखा फुललेला तलम पांढरा झगा. त्याआधी शंभर वर्षं मारी कामार्गोने पावलांची चपळाई दिसावी म्हणून स्कर्ट चार बोटं वर घेतला होता तेव्हाही गहजब झाला होता. पण टाल्योनीच्या झग्यात वेगळीच किमया होती. पॅरिसच्या ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते. त्या हिरवट निळसर उजेडात पांढरं कापड असं काही उजळायचं की अंगठ्यांवर उभी राहिलेली बाई जमिनीला लागलेलीच नाही असं वाटावं. सिल्फीदचा शेवट मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. नायक तिला धरून ठेवण्यासाठी तिच्याभोवती एक मंतरलेली ओढणी गुंडाळतो, तिचे पंख गळून पडतात आणि ती मरते. अंगावरच्या कापडाने.

ती तलम जाळी स्वस्त झाली नसती तर हा झगा टाल्योनीपुरताच राहिला असता. हाताने विणलेली जाळी राजघराण्यांची चीज होती. १८०९ मध्ये जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये लफबरोच्या त्याच्या कारखान्यावर हल्ला होऊन ५५ यंत्रं फोडली गेली. यंत्रांपायी मजुरी बुडते म्हणून चिडलेल्या कामगारांचा तो काळ. हीथकोटने बाडबिस्तरा उचलला आणि दूर डेव्हन परगण्यात जाऊन पुन्हा कारखाना उभारला. फ्रान्समधल्या टुल गावाचं नाव मिरवणारी ही जाळी मग वारावर मिळू लागली. एका रांगेत चोवीस पऱ्या उभ्या करणं परवडायला लागलं ते तेव्हापासून. १८४१ च्या 'जिझेल'मध्ये लग्नाआधी मेलेल्या नवऱ्या मुलींची भुतं जथ्याने नाचतात, सगळ्या पांढऱ्या जाळीत. पऱ्यांच्या त्या मऊ पांढरेपणामागे फोडलेली यंत्रं आणि बुडालेली मजुरी आहे, हे नृत्याच्या पुस्तकांत एका ओळीत तरी असायला हवं असं मला वाटतं. असो, तो वेगळा लेख झाला.

आता आगीकडे येऊ.

सुती जाळी, खळ देऊन ताठ केलेली, थरावर थर, मध्ये हवा खेळती. चूल पेटवताना आपण काटक्या सैल रचतो ते ज्या कारणाने, त्याच कारणाने असा झगा क्षणात पेटतो. आणि भोवती काय? रंगमंचाच्या कडेला, विंगेत, पडद्यांच्या मध्ये गॅसच्या उघड्या ज्योती. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टरचा झगा चालू प्रयोगात पेटला, तिसऱ्या दिवशी ती गेली. १८६१ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या काँटिनेंटल नाट्यगृहात कपडे बदलण्याच्या खोलीत एकीच्या कपड्यांनी पेट घेतला, दुसऱ्या तिला वाचवायला धावल्या आणि त्यांचेही झगे पेटले. किमान सहा नर्तकी मेल्या, त्यांत गेल आडनावाच्या सख्ख्या बहिणी होत्या.

पण बॅलेच्या इतिहासात या आगीचा चेहरा झाली ती एमा लिव्री. जन्म १८४२ चा. आई ऑपेरातली नर्तकी, वडील बडे सरदार, लग्नाचा प्रश्नच नव्हता. सोळाव्या वर्षी तिने पॅरिसच्या ऑपेरात पहिलं पाऊल टाकलं तेच सिल्फीद होऊन. निवृत्त होऊन इटलीत राहणारी टाल्योनी तिला पाहायला आली आणि तिला शिकवायला राहिली. १८६० मध्ये तिच्यासाठी तिने 'ल पापियों', म्हणजे फुलपाखरू, हे नृत्यनाट्य बसवलं. संगीत ऑफेनबाखचं. त्यात नायिका फुलपाखरू होते आणि मशालीवर तिचे पंख जळतात.

१५ नोव्हेंबर १८६२. 'ला म्युएत द पोर्तिची' या ऑपेराची तालीम. एमा मुक्या मुलीच्या भूमिकेत. दुसऱ्या अंकातल्या प्रवेशाची वाट बघत ती विंगेत थांबली होती. बसताना घेर चुरगळू नये म्हणून तिने तो झटकून वर उचलला. जाळीचा फ्रॉक घातलेली कुठलीही मुलगी हेच करते, माझी भाचीही करते. त्या वाऱ्याने जवळची गॅसची ज्योत भडकली. पेटलेल्या अवस्थेत ती रंगमंचावर धावली. आग विझेपर्यंत कमरेच्या पट्ट्यापलीकडे आणि चोळीच्या काही चिंध्यांपलीकडे कपडा उरला नव्हता. ती आठ महिने अंथरुणात जगली आणि २६ जुलै १८६३ ला गेली. वय वीस. त्या झग्याचे करपलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत.

इथपर्यंत सगळे सारखंच सांगतात. पुढची गोष्ट मात्र अशी सांगितली जाते: उपाय उपलब्ध होता, पण पोरगी हट्टी. नोव्हेंबर १८५९ मध्येच सरकारी हुकूम निघाला होता की नाट्यगृहातले पडदे आणि पोशाख अग्निरोधक करावेत. कार्तरों नावाच्या गृहस्थाची पद्धत होती, तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात कापड बुडवून वाळवायचं. कापड चटकन पेटत नसे. पण ते पिवळं पडे, कडक होई, आणि त्याचं तरंगणं संपे. नर्तकींनी नाकं मुरडली. मे १८६० मध्ये एमाने संचालकांना लेखी कळवलं की मी माझ्या नेहमीच्या झग्यातच नाचणार आणि काय होईल त्याची जबाबदारी माझी.

हे पत्र म्हणजे व्यवस्थापनाला मिळालेलं सोन्याचं नाणं. तेव्हापासून आजपर्यंत ते वाजवून दाखवलं जातं. बघा, सौंदर्यापायी जीव गेला. नटण्यामुरडण्याचा सोस!

मला या पत्राकडे जरा जवळून बघावंसं वाटतं. लिहिणारी सतरा वर्षांची होती. त्या काळच्या फ्रेंच कायद्याने माणूस एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. म्हणजे एमा ते पत्र लिहिताना सज्ञान नव्हती, आणि मरेपर्यंत झालीच नाही. आपल्या नावाने व्यवहार करण्याची तिला कायद्याने पूर्ण मुभा नव्हती, पण आगीत जळण्याची जबाबदारी तिच्या सहीवर घेतली गेली. सरकारी हुकूम निघून सहा महिने झालेले. तो पाळण्याचं काम संस्थेचं. एका अल्पवयीन कलाकाराच्या चिठ्ठीने जर हुकूम बाजूला ठेवता येत असेल, तर चिठ्ठी लिहिणारीपेक्षा ती फायलीला लावणाऱ्याला आधी विचारायला हवं.

दुसरा प्रश्न त्याहून साधा आहे. उपाय झग्यावरच का? १८१५ मध्ये शोधलेला हम्फ्री डेव्हीचा सुरक्षा-दिवा युरोपच्या कोळशाच्या खाणींत वापरात होता. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी, म्हणजे ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नाही. १८६० पर्यंत या कल्पनेला पंचेचाळीस वर्षं झाली होती. विंगेतल्या ज्योतीपासून कापड हातभर लांब राहील असा तारेचा पिंजरा करायला नवा शोध लागत नव्हता, लोहार लागत होता. आणि विंगेत जिथे नर्तकी प्रवेशाची वाट पाहतात तिथे ज्योत नको, एवढं ठरवायला तर लोहारही लागत नव्हता. पण दिवा संस्थेचा, खर्च संस्थेचा. झगा बाईचा, तेव्हा तुरटी झग्याला.

यावर जे सगळ्यात जोरदार उत्तर आहे ते मी लपवत नाही. मरणाच्या वाटेवर असताना एमाने म्हटल्याचं सांगितलं जातं की, ते तुरटीतले झगे कमी धोक्याचे असतात हे खरं, पण मी पुन्हा नाचले तरी ते घालणार नाही, इतके ते कुरूप असतात. म्हणजे तिला पश्चात्ताप नव्हता. मग आपण तिला बळी ठरवून तिचा निर्णय तिच्याकडून हिरावत नाही का? स्वतःच्या कलेसाठी धोका पत्करण्याचा हक्क कलाकाराला नसतो का?

असतो. आणि मी तर म्हणते की तिचं म्हणणं कारागिराचं होतं, नखऱ्याचं नव्हतं. तिच्या कामाचा सगळा आधार कापड हवेत एक क्षण उशिरा खाली येण्यावर होता. उडी संपली, पाय टेकले, झगा अजून वरच आहे, ते जे पाव सेकंदाचं खोटं, त्यासाठी लोक तिकीट काढत होते. क्षारांनी कडक झालेलं कापड पायांबरोबरच खाली येतं. तबलजीला कुणी सांगितलं की शाईवर मेण लाव, म्हणजे तबला टिकेल, तर तो ऐकेल का? तो म्हणेल तबला नीट ठेवायची जागा द्या. एमापुढे दोनच पर्याय ठेवले गेले, कुरूप झगा किंवा पेटणारा झगा. तिसरा पर्याय दिव्यापाशी होता आणि त्याची किल्ली तिच्याकडे नव्हती. तिचा हट्ट मला मान्य आहे. त्या हट्टामागे लपणारे मला मान्य नाहीत.

टाल्योनीच्या फुलपाखराचे पंख मशालीवर जळतात, यात पुष्कळांना नियतीचा संकेत दिसतो. मला नाही दिसत. नियतीची एक मोठी सोय असते, तिला चौकशी समितीपुढे बसावं लागत नाही.

टुटूला नुसता शोभेचा मानणं हाच या सगळ्याच्या मुळाशी असलेला गैरसमज आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकी रशियात गेल्या आणि झगा झपाट्याने आखूड झाला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हिर्जिनिया झुक्कीने त्याची लांबी कमी करून घेतली. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायाच्या अंगठ्यावर उभं राहून, दुसऱ्या पायाच्या फटकाऱ्याने ३२ गिरक्या घेतल्या. गुडघा दिसला नाही तर या गिरक्यांची किंमत प्रेक्षकाला कळत नाही. झगा वर सरकत सरकत शेवटी कमरेभोवती आडवा पसरला, थाळीसारखा. यालाच आपण आज टुटू म्हणून ओळखतो. नाव आलं ते फ्रेंच लहान मुलांच्या बोबड्या बोलीतून, 'ढुंगण' या अर्थाच्या शब्दावरून. नटव्या नावामागे इतका गावरान अर्थ निघाला की मला बरं वाटतं.

तर ही थाळी काय करते? गवंडी भिंत घेताना पाणसळ ठेवतो, तसं तिचं काम आहे. नर्तकीचं कंबर एका बाजूला अर्धा इंच कललं की थाळीची कड त्याहून जास्त खाली जाते. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते दिसतं. घोळदार झग्यात चूक झाकता येते, थाळीत येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७४ पासून 'त्रोकादेरो' नावाचा पुरुषांचा जथा टुटू घालून याच भूमिका करतो. लोक हसायला जातात आणि पहिल्या पंधरा मिनिटांनंतर गप्प होऊन पायांकडे बघायला लागतात, कारण पाणसळ पुरुषालाही सूट देत नाही. नृत्यरचनाकार बालांशीनच्या १९५० च्या एका निर्मितीसाठी वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्काला उलट वाट घ्यावी लागली. खूप नर्तकी जवळजवळ नाचताना थाळ्या एकमेकींवर आपटत, म्हणून तिने तारेचं कडं काढून टाकलं आणि कमी थरांचा, पावडरच्या पफसारखा मऊ टुटू शिवला. गरज बदलली, हत्यार बदललं.

आणि हत्यार शिवायला किती कष्ट! जाळीचे दहा-बारा थर, सगळ्यात खालचा बोटभर रुंद आणि सगळ्यात वरचा हातभर. प्रत्येक थराच्या चुण्या घालून तो चड्डीवर बसवायचा, मग सगळे थर एकमेकांना सैल धावदोऱ्याने असे टाचायचे की एकत्र राहतील पण दबणार नाहीत. टाका ओढला गेला की थाळी आवळते, सैल राहिला की लोंबते. अनुभवी हातांचेही ६०-७० तास सहज जातात. चोळीला मागे हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, म्हणजे आज बारीक अंगाची आणि उद्या भरल्या अंगाची नर्तकी तोच टुटू घालू शकते. ठेवताना तो उलटा टांगतात, नाहीतर घेर पडतो. धुणं जवळजवळ अशक्य, म्हणून घामाचा वास घालवायला चोळीच्या आतून स्वस्तातली व्होडका फवारतात. हे ऐकल्यापासून हंसिनी कितीही अलौकिक नाचली तरी मला कपडेपटातली बाटली आठवते, आणि त्याने माझा रस वाढतोच.

पण हत्यार म्हणून तयार झालेल्या या गोष्टीकडे पैसे मोजणाऱ्यांनी हत्यार म्हणून क्वचितच पाहिलं. १८३१ मध्ये पॅरिसच्या ऑपेराचं संचालकपद घेतलेल्या लुई व्हेरों यांनी नर्तकींची सराव-खोली श्रीमंत वर्गणीदारांना खुली केली. नर्तकी टाच वर करून अंग मोकळं करत आहेत आणि उंच टोप्या घातलेले पुरुष काठी टेकून बघत उभे आहेत, अशी चित्रं देगाने पुष्कळ काढली. कित्येक मुली धोबिणी-शिंप्यांच्या घरच्या. देगाने १८८१ मध्ये मेणाची चौदा वर्षांची नर्तकी प्रदर्शनात मांडली, खऱ्या कापडाचा टुटू नेसवून. तिच्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोएथेम ही अशाच एका धोबिणीची मुलगी. समीक्षकांनी पुतळ्याला माकडाची उपमा दिली. पुढच्या वर्षी तासांना गैरहजर राहते म्हणून खऱ्या मारीला ऑपेराने काढून टाकलं. पुतळ्याच्या ब्राँझच्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांचे जुने झालेले टुटू अधूनमधून बदलले जातात. पुतळ्याला नवा झगा मिळतो. मारीचं पुढे काय झालं ते इतिहासाने धड नोंदवलंही नाही.

हे सगळं वाचून काही जण म्हणतात, मग फेकून द्या टुटू. तो बाईला बाहुली करतो. इझाडोरा डंकनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जाळी, चोळी आणि बूट झुगारून अनवाणी, सैल अंगरख्यात नाचायला सुरुवात केली होती. हा मार्ग सन्मानाचा आहे आणि ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. आपल्याकडेही असं उदाहरण आहे. रशियन बॅले-नर्तकी अॅना पाव्हलोवा १९२२-२३ मध्ये आणि पुन्हा १९२८-२९ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आली, मुंबईत नाचली. तिच्यापासून स्फूर्ती घेणाऱ्यांत मुंबईच्या लीला सोखी होत्या, रंगभूमीवरच्या मादाम मेनका. त्यांचे पती परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक. मेनकांनी बॅलेकडून समूहाने गोष्ट सांगण्याची रीत उचलली, पण नाचल्या कथक, आपल्या वेशात. १९३६ च्या सुमारास जथा घेऊन युरोप गाजवला आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. दमयंती जोशी त्यांच्याच तालमीतल्या. मेनकांना टुटूची गरज पडली नाही. पण त्यांनी तो नाकारला तो स्वतःच्या कामाच्या गरजेतून. दुसऱ्या कुणी 'बाईला न शोभणारा' म्हणून काढून घेतला नाही. तो काढून घेणारेही मला त्या वर्गणीदारांच्या रांगेतलेच वाटतात. त्यांनाही बाईने काय घालावं हेच ठरवायचं असतं.

आज विंगेत गॅसची ज्योत नाही, जाळी नायलॉनची आहे. तरी उपाय बाईच्याच अंगावर करायची सवय मोडलेली नाही. बॅलेच्या टाइट्स आणि बूट गुलाबी, कारण गोऱ्या पायाची रेषा त्यात अखंड दिसते. काळ्या नर्तकीची रेषा घोट्याशी तुटते. मग काय करायचं? वर्षानुवर्षं या मुलींनी आपल्या पैशाने आपल्या रंगाचं फाउंडेशन आणून, प्रयोगाच्या आधी बसून बुटांना स्पंजाने लावलं. बूट आठवड्याला संपतात, म्हणजे हे काम कायमचं. हार्लेममध्ये डान्स थिएटर स्थापन करणाऱ्या आर्थर मिचेलने १९७४ मध्ये आपल्या नर्तकींना त्यांच्या कातडीच्या रंगाच्या टाइट्स आणि बूट देण्याचा नियमच केला, आणि टुटूखालची रेषा डोक्यापासून अंगठ्यापर्यंत जुळली. डोळ्याला तर ते सुंदर दिसलंच. तरी लंडनच्या एका नामांकित बूटवाल्याने तपकिरी रंगाचे बूट बाजारात आणायला २०१८ उजाडावं लागलं. २०२० मध्ये बर्लिनच्या सरकारी बॅलेमधल्या क्लोए लोपेस गोमेसने जाहीरपणे सांगितलं की 'स्वान लेक'च्या पांढऱ्या ताफ्यात शोभावं म्हणून तिला अंगाला पांढरा रंग लावायला सांगण्यात आलं होतं. सगळ्या हंसिनी एकसारख्या दिसायला हव्यात, हा युक्तिवाद मी समजू शकते. पण मग दिव्यांची योजना बदला, टुटूचा पांढरा बदला, नृत्यरचना बदला. कारिन्स्काने थाळ्या आपटतात म्हणून नर्तकींना 'कंबर बारीक करा' सांगितलं नव्हतं, कडं काढलं होतं.

मुंबई-पुण्यात आता बॅलेचे वर्ग बरेच आहेत. वजनावरून, उंचीवरून, रंगावरून मुलींना काय ऐकवलं जातं ते आया एकमेकींना हळूच सांगतात. मी त्यांना एवढंच सुचवते की 'तिने काय करायला हवं' असं शिक्षक म्हणाले की लगेच विचारावं, 'आणि तुम्ही काय करणार आहात?' हा प्रश्न उद्धट वाटतो खरा. १८६० मध्ये तो कुणी विचारला असता तरी उद्धटच वाटला असता.

भाची आता नऊ वर्षांची आहे. यंदा शाळेच्या गॅदरिंगला तिचा परीचा नाच होता. जाळीचा स्कर्ट शाळेतून मिळाला, टाइट्स आपण आणायच्या, 'स्किन कलर'च्या. आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने पाकीट फोडून काउंटरवर टाइट्स पसरल्या, फिक्या पिठासारख्या रंगाच्या. भाचीने आपला हात त्यावर ठेवला, कोपरापर्यंत, आणि नुसती बघत राहिली. मी विचारलं, 'जरा गडद स्किन नाही का?'

'स्किन एकच येतो ताई,' तो घड्या घालत म्हणाला. 'आणि आत पायच घालायचेत ना, मग तिचा रंग दिसतो कुठे?'